उण्यात गेलेलं पाणी, उघडं पडलेलं देऊळ

उजनीचं पाणी उण्यात गेलं, की पळसनाथाच्या देवळाचे फोटो फिरायला लागतात. आधी नुसतं शिखर, मग सभामंडप, आणि पाणी फारच हटलं तर जोतं आणि तटाचे दगड. फोटोखालच्या मजकुराचा सूर बहुतेक वेळा एकच असतो: इतकी वर्षं पाण्यात राहूनही देऊळ जसंच्या तसं उभं आहे. मग बारामती, इंदापूर, दौंड, करमाळा, पार पुण्यापासून गाड्या निघतात. जळोचीत राहून या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांची, देवळांची, बारवांची चुन्यातली दुरुस्ती करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या कामाने जे शिकवलं त्याच्या बळावर मला जे म्हणायचं आहे, ते या कौतुकाच्या नेमकं उलट आहे. पळसदेवचं देऊळ बुडाल्यामुळे झिजत नाही. ते बुडून पुन्हा वर येतं, आणि परत बुडतं, म्हणून झिजतं. ज्या आठवड्यांत आपण हौसेने ते बघायला जातो, तेच त्याचे सगळ्यात वाईट आठवडे असतात. आणि ते राखायचं असेल तर हात घालायची वेळही तीच आहे, दुसरी मिळत नाही.

आधी पाण्याचा हिशेब. भीमेवरचं उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे. ते १९८० साली पूर्ण झालं, आणि त्याचा यशवंतसागर मागे इंदापूर, दौंड, करमाळ्यापर्यंत पसरला. नदीकाठची गावं उठली. पळसदेवही उठलं आणि पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला नव्याने वसलं. जुनं देऊळ जिथल्या तिथे राहिलं. हे गाव काही कालपरवाचं नव्हे. शं. गो. तुळपुळ्यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या संग्रहात पळसदेवचा शके १०७९ चा, म्हणजे इसवी सन ११५७ चा शिलालेख घेतला आहे. भीमेच्या या वळणावर साडेआठशे वर्षांपूर्वी लेख कोरून ठेवावा एवढी जाग होती, हे त्यावरून कळतं. आता धरणाचं पाहा. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून थोडा अधिक मृत साठा, बाकीचा ५३ टीएमसीच्या वरचा उपयुक्त. उपयुक्त साठ्याचं शून्य समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटरवर आहे आणि शंभर टक्के ४९६.८३ मीटरवर. म्हणजे ज्या टक्केवारीवर अर्ध्या सोलापूर जिल्ह्याचा जीव टांगलेला असतो, ती सगळी सहा मीटरच्या आतली उतरचढ आहे. शून्याच्या खाली पाणी गेलं की मृत साठ्याला हात लागतो, आणि देऊळ बाहेर यायला सुरुवात होते. २०२३ च्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं, जानेवारी २०२४ मध्येच ते उण्यात गेलं, उन्हाळा संपेपर्यंत उणे साठच्या जवळ पोहोचलं. तेच धरण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भरून वाहायच्या बेताला आलं. चार-पाच महिने कडक उन्हात तापलेलं बांधकाम दोन महिन्यांच्या आत पुन्हा पाण्याखाली. देवळाचं दुखणं या आकड्यांत आहे.

चुन्याच्या कामात नवखा माणूस ओल हाच शत्रू धरून चालतो. वाड्याच्या मालकाचं गाऱ्हाणंही तेच असतं: भिंतीला ओल येते, गिलावा सुटतो, लोणा धरतो. पण शे-दोनशे वर्षांच्या भिंती उकलायला लागलं की वेगळं चित्र दिसतं. पाया बारमाही ओला असतो, आणि त्यातला चुना पहारीलाही सहजी दाद देत नाही. माथा कायम कोरडा असतो, तिथलाही चुना शाबूत. भुगा झालेला सापडतो तो मधला दोन-तीन हातांचा पट्टा, जिथवर ओल चढते आणि जिथून ती वाळते. मालकाने त्या पट्ट्यावर सिमेंटचा गिलावा मारून घेतलेला असेल, तर ओल आणखी वर सरकते आणि पट्टा कमरेवरून छातीपर्यंत जातो. गावोगावी हे इतक्या वेळा दिसतं की त्याला योगायोग म्हणता येत नाही. बारवांचंही तेच. ज्या पायऱ्या कधी उघड्या पडत नाहीत, त्यांच्यावरचे टाकीचे घाव दुष्काळात पाणी तळाला गेल्यावर ताजे असल्यासारखे दिसतात. पाणी दरसाल ज्या पायऱ्यांवरून खाली-वर होतं, त्यांचे पापुद्रे निघालेले असतात. विहीर बांधताना तळाशी जांभळाच्या लाकडाचं कडं घालायची जुनी रीत होती. गाळ काढताना ते कडं हाताला लागतं तेव्हा लाकूड टणक असतं. पाण्यात उतरवलेला खांब मात्र पाण्याच्या रेघेपाशीच कुजतो, खाली नाही आणि वरही नाही. समुद्रात उभ्या असलेल्या दीपगृहांचा आणि जलदुर्गांचा अनुभव याहून वेगळा नाही. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा आधी झिजतो, वरचं बांधकाम त्यावर टेकलेलं असतं, आणि मग सगळंच धोक्यात येतं. फरक एवढाच की समुद्राची भरती दिवसातून दोनदा आणि ठरलेल्या मापाची. उजनीची भरती वर्षातून एकदा, पण ती सरकत राहते. एका वर्षी रेघ शिखरावर, दुसऱ्या वर्षी मंडपाच्या छताशी, तिसऱ्या वर्षी जोत्याशी. देवळाचा कुठलाच भाग सुटत नाही.

पळसनाथाचं खालचं बांधकाम घडीव काळ्या दगडाचं, आणि शिखर विटांचं, चुन्यातलं. म्हणून सगळ्यात आधी शिखराकडे पाहावं लागतं. पाण्याच्या रेघेतली गळून पडलेली वीट हातात घेतली, तर तिचे कोपरे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल झालेले असतात. गाभा अजून लाल, घट्ट. बाहेरचा बोटभर थर नखाने उकरला तरी सुटतो. विटेवर पांढरी बारीक बुरशीसारखी लव दिसते, ती बुरशी नसते, क्षार असतात. पण वीट निम्मीच गोष्ट सांगते. खरं पाहायचं ते दोन विटांमधली दरज. चांगल्या बांधकामात दरजेतला चुना विटेच्या तोंडाशी आलेला असतो. इथे बोट दोन पेरं आत जातं, आणि आत चुन्याऐवजी लागतो तो गाळ, इवलेसे शिंपले, शेवाळाचा वाळलेला पापुद्रा, क्वचित एखाद्या रोपाचं मूळ. म्हणजे वीट विटेवर बसली आहे, पण दोघींना धरून ठेवणारा जो होता तो निघून गेला आहे. लांबून काढलेल्या फोटोत यातलं काहीच येत नाही. शिखराचा आकार अखंड दिसतो, आणि त्यावरून देऊळ अखंड आहे असं आपण ठरवून टाकतो.

चुना जातो कुठे, हे समजून घेणं अवघड नाही. कळीचा चुना विरवून बांधकामात वापरला की तो वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. चुनखडी साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात हाच वायू मुरलेला असला तर हळूहळू विरघळते. पाणी संथ, न हलणारं असेल, तर दरजेतलं पाणी लवकरच चुन्याने तृप्त होतं आणि झीज मंदावते. पाणी हलतं असेल, लाटा आपटत असतील, तर विरघळलेला चुना वाहून जातो आणि त्याच्या जागी ताजं पाणी येतं. खोल पाण्यात शांतता असते, हलतं पाणी वरच्या थरात असतं. म्हणजे पुन्हा रेघेपाशीच. त्यात उजनीचं पाणी काही डोंगरातल्या झऱ्याचं नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, कारखान्यांची मळी, उसाच्या रानांतून उतरलेली खतं असं सगळं भीमा आणि तिच्या उपनद्या घेऊन येतात. ते क्षार विटेच्या छिद्रांत शिरतात. पाणी हटलं आणि एप्रिलचं चाळीस अंशांचं ऊन पडलं की पाणी उडून जातं, क्षारांचे खडे आत फुगतात, आणि वीट आतून फुटते. ओली असताना विटेला काहीच झालेलं नसतं. तिचा घात वाळताना होतो.

दगडी भागाची तऱ्हा निराळी. चांगला काळा दगड पाण्याला सहज बधत नाही. पण तटाच्या किंवा जोत्याच्या भिंती आरपार घडीव दगडाच्या नसतात. दोन तोंडं चिऱ्यांची आणि मधे माती, गोटे, चुन्याची भर. पाणी चढतं तेव्हा ती भर हळूहळू भिजते. पाणी उतरतं तेव्हा बाहेरची पातळी झपाट्याने खाली जाते, पण भरीत अडकलेलं पाणी तेवढ्या लवकर बाहेर पडत नाही. बाहेरचा आधार गेलेला आणि आतून ओल्या भरीचा रेटा, अशा कात्रीत भिंत पोट काढते. मातीचं धरण झटकन रिकामं करू नये असं अभियंते बजावतात ते याच कारणाने. धरणाच्या भरावाला तसं जपलं जातं. देवळाचा विचार पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात असणं शक्य नाही, आणि असावा असा माझा आग्रहही नाही. सोलापूरकरांची तहान आणि खालच्या पिकांची पाळी याच्या पुढे तो टिकणार नाही. त्याखेरीज भीमेच्या पात्रातला वाळूउपसा आहेच. चोरट्या बोटी पकडून महसूल खातं त्या स्फोटाने उडवून देतं, अशा बातम्या या भागात नव्या नाहीत. पात्र खोल झालं की काठ खालून सुटतो, आणि काठावरचं बांधकाम त्याच्या मागोमाग जातं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो वजनदार आहे: देऊळ पंचेचाळीस वर्षं टिकलं ना, मग आणखी पंचेचाळीस टिकेल. जुन्या बांधकामावर आपल्या लोकांची श्रद्धा असते, आणि ती पुष्कळदा खरीही ठरते. पण चुन्यातली इमारत ज्या रीतीने पडते ती रीत या हिशेबात बसत नाही. दरजा दरसाल थोड्याथोड्या रिकाम्या होतात आणि भिंत तशीच उभी राहते, कारण विटांचं वजन अजून सरळ खाली जात असतं. वर्षानुवर्षं काहीच बिघडलेलं दिसत नाही. मग एके वर्षी एक कोपरा सरकतो, वजनाची वाट बदलते, आणि एका पावसात निम्मी भिंत खाली येते. पडलेल्या वाड्याचा मालक नेहमी हेच सांगतो की काल संध्याकाळपर्यंत धड होती. तो खोटं बोलत नसतो. पंचेचाळीस वर्षांचा टिकाव हा पुढच्या पाच वर्षांचाही भरवसा देत नाही; उलट गेलेला प्रत्येक उन्हाळा जमाखर्चात खर्चाच्याच बाजूला मांडावा लागतो. शिवाय आधीचे उन्हाळे आणि आताचे उन्हाळे सारखे नाहीत. उजनीच्या पाण्यावर दावे वाढत गेले आहेत, ऊस वाढला आहे, शहरं वाढली आहेत, आणि मृत साठ्याला हात घालणं हे आता नवल राहिलेलं नाही. पाऊसही धरबंद सोडून वागतो. २०२५ मध्ये बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात मे महिन्यातच असा पाऊस कोसळला की बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला, आणि जूनची वाट न पाहता उजनी चढायला लागलं. सावकाश भिजायला आणि सावकाश वाळायला मिळणारी उसंतही कमी होत चालली आहे.

आता बघायला जाणाऱ्यांविषयी. हे लिहिताना मन कडू होऊ द्यायचं नाही, कारण देवळावर प्रेम नसतं तर माणसं चिखल तुडवत तिथवर गेलीच नसती. जुन्या गावची म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन येतात, आपलं घर कुठे होतं, चावडी कुठे होती ते बोट दाखवून सांगतात. त्यांच्या येण्याला कुणी आडकाठी करू नये. पण उघड्या पडलेल्या देवळावर एका उन्हाळ्यात जे होतं, ते सगळं मिळून पाण्याइतकंच मारक आहे. शिखरावर चढून फोटो काढणं हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार. ज्या विटेखालची दरज रिकामी आहे, तिच्यावर साठ-सत्तर किलोचं वजन एका पावलावर येतं. वीट हलते, खाली येत नाही, आणि पुढच्या लाटेला सोपी होते. वीरगळावर तेल-शेंदूर चढतो, आणि दगडाची छिद्रं बुजली की आतली ओल दुसरीकडून वाट काढते. कुणी भाविकपणे सिमेंटची पोती आणून खांबाच्या बुडाशी थापतो. सिमेंट चुन्याहून टणक, ओल न सोडणारं. शेजारची वीट त्याच्या बदल्यात मरते. यातलं एकही कृत्य दुष्टपणाने होत नाही. म्हणूनच नुसत्या ‘हात लावू नका’च्या पाटीने ते थांबणार नाही. काय केल्याने काय होतं हे तिथे उभं राहून सांगणारं माणूस लागतं.

ते माणूस मिळण्याजोगं आहे. भिगवण-कुंभारगावच्या काठावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना होडीतून फिरवण्याचा जोडधंदा उभा केला आहे. पक्षी उडू नये म्हणून होडी किती अंतरावर थांबवायची, इंजिन कुठे बंद करायचं, हे ते पाहुण्यांना बजावून सांगतात, आणि पाहुणे ऐकतात. पक्ष्यांच्या बाबतीत जी शिस्त लागली ती देवळाच्या बाबतीत लागणार नाही असं मानायला कारण नाही. यावर कुणी म्हणेल, देवळाची गर्दी कमी केलीत तर उन्हाळ्यात होडीवाल्याच्या पोटावर पाय येईल. पण शिखर कोसळल्यावर त्याच्या पोटाचं काय, हाही प्रश्न आहे. आणि शिखराभोवती होडी फिरवायला, जोत्यावरून दर्शन घडवायला कुणाचीच ना नाही. ना आहे ती चढण्याला. शिवाय उजनीचं पाणी संथ दिसतं म्हणून ते निरुपद्रवी नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव-कळाशी वाटेवर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा माणसं गेली. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर या विस्तीर्ण पाण्यावर वारा कधी उठेल याचा नेम नसतो, आणि देऊळ उघडं असतं ते नेमक्या त्याच दिवसांत. सकाळचीच फेरी, अंगात जाकीट, ठरावीक माणसं, एवढं पाळलं तरी माणूस आणि देऊळ दोघांचंही भलं होईल.

मग देऊळ उचलून काठावरच का नेत नाही? हा प्रश्न तळमळीने विचारला जातो आणि त्याला दाखलेही आहेत. इजिप्तमध्ये नाईलवरच्या धरणापायी अबू सिंबलची देवळं १९६४ ते १९६८ या काळात कापून वर नेली. गोव्यात साळावली धरणाच्या पाण्यात कुर्डी गाव गेलं, पण तिथलं महादेवाचं प्राचीन दगडी देऊळ उलगडून दुसरीकडे उभारलं गेलं. कर्नाटकात कृष्णराजसागराच्या पाण्यात सुमारे सत्तर वर्षं राहिलेलं कन्नंबाडीचं वेणुगोपालस्वामीचं होयसळ देऊळ या शतकात दगड-दगड करून काठावर हलवलं. म्हणजे इतक्या वर्षांनी उशीर झाला, हे म्हणणं खरं नाही. पण हे तिन्ही दाखले दगडाचे आहेत. दगडाला क्रमांक घालता येतो, तो सुटा करता येतो, पुन्हा त्याच खाचेत बसवता येतो. विटांचं शिखर सुटं केलं की त्यातली निम्मी वीट हातात फुटते, आणि जे पुन्हा उभं राहतं ते नवं शिखर असतं. विटांची इमारत हलवायची तर अखंड हलवावी लागते. अमेरिकेत केप हॅटरसचं १८७० चं विटांचं दीपगृह किनारा खचत आल्यामुळे १९९९ मध्ये तसंच अखंड उचललं आणि रुळांवरून सुमारे ८८० मीटर आत नेलं. ते घट्ट वाळूवरून गेलं. पळसदेवला देऊळ आणि काठ यांच्यामध्ये गाळ आहे, आणि कामाला मोकळा मिळणारा काळ काही आठवड्यांचा. तेव्हा खालचा दगडी भाग कधीकाळी हलवता येईल हे मी नाकारत नाही. पण शिखराच्या बाबतीत ‘हलवू या’ असं म्हणत राहणं म्हणजे आज करण्याजोगी डागडुजी लांबवणं आहे. देवळाभोवती बांध घालून पाणी बाहेर ठेवण्याची सूचनाही अधूनमधून येते. पाणी बांधावरून आलं नाही तरी तळातून येतं, बारमाही पंप चालवावे लागतात, आणि ज्या दिवशी वीज जाईल त्या दिवशी देऊळ बारा तासांत बुडेल. वर सांगितलेल्या झटक्याचाच तो आणखी वाईट अवतार होईल.

सगळ्यात अवघड आक्षेप याहून वेगळा आहे, आणि तो धरणग्रस्तांच्या घरांतून येतो. माणसं उठवली, जमिनी गेल्या, पुनर्वसनाचे कागद कचेऱ्यांत फिरत राहिले, तेव्हा देवळाची काळजी कुणाला सुचली नाही. आणि आता दगड-विटांसाठी पैसा मागता? नव्या गावात पळसनाथाचं नवं देऊळ आहे, देव तिथे पुजला जातो, मग जुन्यात काय उरलं? या रागाला उत्तर द्यायचं तर आधी तो रास्त आहे हे कबूल करावं लागतं. पण त्याच घरांतली माणसं पाणी हटल्यावर सगळ्यात आधी तिथे जातात. जुन्या पळसदेवात घरांचे पाये विरघळले, झाडं गेली, वाटा गाळाखाली बुजल्या. गाव इथे होतं हे दाखवणारी उभी खूण आता देऊळच आहे. सातबारा आणि भूसंपादनाचे नकाशे कपाटात असतात. नातवाला दाखवायला ते कामाचे नाहीत. आणि खर्चाचं म्हणाल तर डागडुजीचा पैसा पुनर्वसनाच्या पैशातून कापला जावा असं कुणी म्हणत नाही. हे देऊळ ज्या योजनेत बुडालं त्याच योजनेच्या पाण्यावर साखर कारखाने उभे राहिले, वीज झाली, शहरं जगली. त्या मिळकतीतला अगदी लहानसा वाटा इकडे वळला तर धरणग्रस्तांचं काही कमी होत नाही. उलट त्यांचं गाव हिशेबात धरलं गेलं असं म्हणता येईल.

करायचं काय, याबद्दल माझ्या धंद्याचं मत साधं आहे. पहिलं काम मोजमापाचं. देऊळ उघडं पडल्याबरोबर, गर्दी येण्याआधी, ड्रोनने आणि जमिनीवरून त्याची पूर्ण नोंद व्हावी, भिंतींच्या ओळंब्यासकट. आणि दर वेळी उघडं पडेल तेव्हा तीच मापं पुन्हा घ्यावीत. एक भिंत मागच्या वेळेपेक्षा किती झुकली, हे ज्याला सांगता येत नाही त्याने दुरुस्तीचं बोलू नये. दुसरं, रेघेच्या पट्ट्यातल्या दरजा भरणं. त्यासाठी सिमेंट अजिबात नको; पाण्यात घट्ट होणारा चुना-सुरखीचा मसाला हवा. तो काही हरवलेला नाही. एकोणिसाव्या शतकात नीरा डाव्या कालव्यावर बांधलेले जुने दगडी पूल चुन्यावरच उभे आहेत, त्यांच्याखालून पाणी अजून वाहतं आहे. शिखरावर चढावं लागू नये म्हणून बाहेरून बांबूचा पहाड उभारून काम करावं, गाळ काढून दरज धुवावी, मसाला दाबून भरावा, आणि उन्हात तडकू नये म्हणून ओल्या पोत्यांनी झाकून ठेवावा. तिसरं, जोत्याच्या आणि तटाच्या भिंतींना पाणी निघून जायला वाटा मोकळ्या कराव्यात. भरीतलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबर उतरलं की भिंतीवरचा रेटा पुष्कळ कमी होतो. यात देऊळ नव्यासारखं करण्याचा हेतू नाही. गेलेली वीट गेली, झिजलेलं शिल्प झिजलं. जे उभं आहे त्याला पुढच्या बुडण्यासाठी सज्ज करणं एवढंच.

अडचण वेळेची आहे. पाण्याखालची जमीन जलसंपदा खात्याची, जुन्या वास्तूंचं खातं वेगळं, काठावरचं गाव ग्रामपंचायतीचं. उघडं पडल्यावर परवानगीचा अर्ज केला तर मंजुरी हातात पडेपर्यंत देऊळ पुन्हा बुडालेलं असतं. म्हणून परवानगी, मापं घेणारे, चुन्यातलं काम येणारे गवंडी, नेआणीच्या होड्या, यांची जुळणी कोरड्या वर्षाची वाट न पाहता आधीच करून ठेवावी लागेल. उजनी किती भरलं हे ऑक्टोबरअखेर कळतं, आणि त्या साली पाणी उण्यात जाणार की नाही याचा अंदाज तेव्हाच बांधता येतो. जाणार असं दिसलं तर कळीचा चुना त्याच हिवाळ्यात विरवून खड्ड्यात मुरत ठेवायला हवा, कारण चुना जितका जुना मुरलेला तितका दरजेत नीट बसतो, आणि एप्रिलमध्ये भट्टीवरून आणलेल्या ताज्या चुन्याला मुरायला वेळच मिळत नाही.